प्यादे, प्यून आणि डच पिऑन

आमच्या कोकणातील मुसलमान वस्त्यांत जहाजावर नोकरी करणारा माणूस ही काही नवलाई नाही. कुणाचे अब्बा, कुणाचे मामू, कुणाचे चाचा सहा-सहा, आठ-आठ महिने दर्यावर असतात आणि परत येताना पोरांसाठी कुठल्या कुठल्या बंदरातून काहीतरी आणतात. आमच्या आठवीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी मागच्या पावसाळ्यात रॉटरडॅमहून एक खेळ आणला. चौकोनी पेटी, आत पट, एक फासा आणि लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगाच्या लाकडी सोंगट्या. मुलाने तो शाळेत आणला. बाहेर धो-धो पाऊस, मैदानावर गुडघाभर चिखल, पी.टी.चा तास रिकामा. मग काय, चार बाके जोडून वर्ग पटाभोवती जमला.

खेळ सर्वांच्या ओळखीचाच निघाला. तो आपला ल्युडो होता. पेटीवर मात्र सगळा मजकूर डच भाषेत. आत किती वस्तू आहेत त्याची यादी छापलेली होती, आणि तिच्यात सोळा या आकड्यापुढे एक शब्द होता. रोमन अक्षरे लावत लावत एक मुलगा तो शब्द वाचू लागला आणि एकदम ओरडला, "सर, इसमें तो सोला प्यून हैं!"

सगळा वर्ग हसला. दारात उभे असलेले आमचे शाळेचे शिपाई, ज्यांना लहानथोर सगळेच चाचा म्हणतात, तेही हसले. आम्हीही हसलो आणि मग शिक्षकाच्या सवयीने विद्वत्ता पाजळली. म्हणालो, "अरे, प्यून नव्हे. तो पिऑन. डच लोक पटावरच्या सोंगटीला पिऑन म्हणतात. बुद्धिबळातले प्यादेही त्यांच्याकडे पिऑनच. आणि हा शब्द त्यांचा नाही बरं का, आपला आहे. फारसीतला प्यादा अरबांबरोबर युरोपात गेला आणि त्याचा पिऑन झाला."

मुलांना हे फार आवडले. आम्हालाही आवडले. इतके की नोव्हेंबरात उर्दू दिनाच्या कार्यक्रमात आम्ही हीच गोष्ट पालकांसमोर सांगितली आणि टाळ्या मिळवल्या. भित्तिपत्रकावरही ती सुंदर नस्तालिक अक्षरांत झळकली. पुढे हिवाळ्याच्या सुट्टीत, आपण सांगितले त्याला आधार काय, म्हणून जरा खोलात शिरलो, आणि लक्षात आले की आमचे म्हणणे चूक होते. हसण्यावारी नेलेले त्या पोराचे म्हणणे मात्र बरोबर होते.

ती चूक निस्तरण्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

बुद्धिबळाचे मूळ हिंदुस्थानात, हे बहुतेक सगळे अभ्यासक मान्य करतात. सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त चतुरंगाचा उल्लेख येतो. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगे: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. पायदळातल्या शिपायाला संस्कृतात 'पदाति' म्हणत. इस्लामपूर्व इराणात हा खेळ गेला तेव्हा तो 'चतरंग' झाला आणि पायी चालणारा सैनिक 'पयादग' झाला. तो आजच्या फारसीतला 'पियादा'. हिंदच्या राजाने शतरंजचा पट इराणच्या बादशहाकडे कोडे म्हणून पाठवल्याची आणि वजीर बुजुर्गमेहरने ते सोडवल्याची कथा फिरदौसीने 'शाहनामा'त सांगितली आहे. कथा ती कथाच, पण खेळ कोणत्या रस्त्याने गेला त्याची आठवण तिच्यात आहे.

इराण जिंकल्यावर अरबांनी हा खेळ उचलला. त्यांच्या जिभेला 'च' आणि 'ग' नाहीत, म्हणून चतरंगचा 'शतरंज' झाला. पयादगचा झाला 'बैदक'. प-चा ब आणि शेवटी घशातला काफ. बगदादच्या अब्बासी दरबारात या खेळाचे उस्ताद होऊन गेले. दहाव्या शतकातला अस्-सूली तर खेळ आणि खेळावरचे लेखन या दोन्हींसाठी प्रसिद्ध होता. त्यांच्या पटावर शाह होता, त्याच्या बाजूला फिरजान (आपल्या उर्दूतला जुना 'फर्जी'), मग फील म्हणजे हत्ती, फरस म्हणजे घोडा, कोपऱ्यात रुख आणि समोर आठ बैदक.

स्पेन आणि इटलीच्या वाटेने हा खेळ युरोपात गेला. गैरसमजाला सुरुवात होते ती इथे. खेळ अरबांकडून गेला, तेव्हा सगळे शब्दही अरबांकडूनच गेले असणार, असे आपण धरून चालतो. पुष्कळ शब्द खरोखरच गेले, हे कबूल केले पाहिजे. डच भाषेत बुद्धिबळाला 'स्खाक' म्हणतात, तो शब्द मुळात 'शाह'. डच भाषेत 'स्खाकमात' म्हणजे शहामात. राजाला कोपऱ्यात नेऊन किल्लेकोट करण्याच्या चालीला तिथे 'रोकादे' म्हणतात, त्यात 'रुख' दडलेला आहे. स्पेनमध्ये उंटाला आजही 'अल्फील' म्हणतात. जशाच्या तसा अरबी हत्ती! शेवटच्या 'मात' या शब्दाबद्दल मतभेद आहेत. कुणी तो अरबी 'मात', म्हणजे 'मेला', असा घेतात, तर कुणी फारसी 'मात', म्हणजे 'हतबल, कोंडीत सापडलेला', असा. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण पटावर राजा कधी मरत नाही, कोंडला जातो. डच भाषेत 'मात' हा शब्द खेळाबाहेरही गेला. थकलेल्या माणसाला, निस्तेज रंगाला तिथे 'मात' म्हणतात. मराठीने मात्र तोच शब्द जिंकणाऱ्याच्या बाजूने घेतला. आपण संकटावर 'मात करतो', शत्रूला 'शह देतो' आणि राजकारणात 'शह-काटशह' चालतात. रोज मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या किती जणांच्या लक्षात येते की आपण शतरंजची भाषा वाचत आहोत?

मग 'पिऑन' या यादीत का नाही?

पहिली गोष्ट उच्चाराची. अरबांच्या तोंडी शब्द होता बैदक. तो स्पेनमार्गे युरोपात गेला असता तर त्याच्या अंगावर ब आणि क यांचे काही तरी ठसे राहिले असते, जसे 'अल्फील'वर अरबी 'अल्' राहिला. पिऑनमध्ये त्यातले काहीच नाही. उलट त्याच्या शेवटी 'ऑन' आहे, तो ना फारसी प्यादात आहे ना अरबी बैदकात. हा 'ऑन' आला कुठून?

तो आला लॅटिनमधून. डच लोकांनी हा शब्द फ्रेंच 'पिआँ'वरून घेतला. जुन्या फ्रेंचमध्ये तो 'पेऑन' असा होता आणि तो उतरला मध्ययुगीन लॅटिनच्या 'पेदोनेम'वरून. 'पेदो' म्हणजे पायी चालणारा, पायदळातला शिपाई. लॅटिनमध्ये पाय म्हणजे 'पेस', त्याचे सामान्यरूप 'पेद'. दोन स्वरांमध्ये सापडलेला द फ्रेंचमध्ये गळून पडतो, हा त्या भाषेचा नियमच आहे. लॅटिन 'सुदारे', म्हणजे घाम येणे, फ्रेंचमध्ये 'सुए' होतो. 'विदेरे', म्हणजे पाहणे, यातलाही द असाच गेला. इटालियन भाषेने मात्र तो द सांभाळून ठेवला. तिथे प्याद्याला आजही 'पेदोने' म्हणतात, आणि रस्त्यावरून पायी जाणाऱ्या माणसालाही पेदोनेच म्हणतात.

दुसरा पुरावा कागदोपत्री आहे. स्वित्झर्लंडमधील आइन्झीडेल्न येथील ख्रिस्ती मठात इ.स. 1000च्या आसपासची एक लॅटिन कविता सापडली. बुद्धिबळाविषयीचा युरोपातील हा सर्वांत जुना मजकूर मानला जातो. तिच्यात राजाला लॅटिन 'रेक्स' म्हटले आहे, घोड्याला लॅटिन 'एक्वेस' म्हणजे घोडेस्वार, प्याद्याला लॅटिन 'पेदेस' म्हणजे पायदळ. आणि कोपऱ्यातल्या मोहऱ्याला? त्याला 'रोखुस' म्हटले आहे, म्हणजे आपला रुख!

हे वाचले आणि आमच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. युरोपच्या लोकांसमोर हा नवा खेळ आला तेव्हा त्यांनी काय केले? जे त्यांना कळले त्याचे त्यांनी भाषांतर केले. राजा त्यांच्याकडे होता, घोडेस्वार होता, पायी लढणारा शिपाई होता. त्यांना स्वतःचे शब्द होते, उसने कशाला घ्यायचे? जे कळले नाही ते मात्र जसेच्या तसे ठेवले. रुख म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते, हत्ती त्यांनी पाहिलेला नव्हता. मग या दोन अनोळखी शब्दांची काय गंमत झाली पाहा. 'रोखुस'चा संबंध इटलीत 'रोक्का' म्हणजे किल्ला या शब्दाशी जुळला आणि रथाचा बुरूज झाला. डच भाषेत त्याला आज 'तोरेन' म्हणजे मनोराच म्हणतात. 'फील'चे तर प्रत्येक देशाने आपापल्या मगदुराप्रमाणे केले. इंग्रजांनी बिशप केला, फ्रेंचांनी विदूषक केला, इटालियनांनी निशाण धरणारा केला. डच लोकांनी त्याला आधी 'राट्सहेर' म्हणजे दरबारातला सल्लागार केले, मग 'लोपर' म्हणजे धावणारा. आपण मराठीत त्यालाच उंट म्हणतो आणि हत्ती कोपऱ्यात नेऊन बसवतो, तेव्हा इतरांना हसण्यात अर्थ नाही.

प्याद्याच्या बाबतीत असा घोटाळा झाला नाही, कारण पायी चालणारा माणूस सगळ्यांनाच माहीत होता. शब्द लॅटिनचा, कल्पना आपली. हिंदुस्थान्याने पदाति म्हटले, इराण्याने पियादा म्हटले, लॅटिन जाणणाऱ्या पाद्र्याने पेदेस म्हटले. अरबाने तेवढा इराण्याचा शब्द जसाच्या तसा उचलला.

इथे एखादा वाचक म्हणेल, मास्तर, पदाति, पियादा आणि पेदेस, तिन्हींत प आणि द आहेत. हा काय निव्वळ योगायोग?

नाही. ही तर या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. संस्कृत पाद, फारसी पा, लॅटिन पेद, हे शब्द सख्ख्या-चुलत भावंडांसारखे आहेत. त्यांचा बाप एक. पण भाऊ हा भावाचा मुलगा नसतो, आणि आम्ही नेमकी तीच चूक केली होती. सर विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात हे नाते जगासमोर मांडले, असे बी.एड.च्या पुस्तकातही असते. पण त्याच्या दोनशे वर्षे आधी ही कुणकुण लागली होती ती डच लोकांनाच! सोळाव्या शतकाच्या अखेरीस लायडन विद्यापीठात राफेलेंगियस नावाचा प्राध्यापक होता. फारसीतले काही शब्द आपल्या भाषेतल्या शब्दांसारखे आहेत हे त्याने टिपून ठेवले. त्याच लायडनच्या बॉक्सहॉर्नने 1647 मध्ये फारसी, ग्रीक, लॅटिन आणि जर्मन-डच या भाषांचे मूळ एक असावे असे मांडले. त्याच्या काळी त्याचे कुणी फारसे ऐकले नाही.

त्या मूळ शब्दाची डच शाखाही आहे. डच, इंग्रजी, जर्मन या भाषांत मूळच्या प-चा फ होतो. फारसी 'पिदर', डच 'फादर'. फारसी 'पंज', डच 'फैफ'. त्याच नियमाने फारसी 'पा', डच 'फूत'. म्हणजे पाय. पायासाठी डच माणसाचा स्वतःचा शब्द 'फूत', पटावरच्या पायदळासाठी फ्रेंचांकडून आणलेला 'पिऑन', आणि दोघेही एकाच घराण्यातले. फारसी 'पा'ही डच भाषेत अगदीच पोहोचला नाही असे समजू नका. तो पोहोचला, पण शतरंजच्या पटावरून नव्हे. 'पा' अधिक 'जामा', म्हणजे पायाचे वस्त्र, म्हणजे आपला पायजमा. हिंदुस्थानातून इंग्रजांनी तो नेला, इंग्रजांकडून डचांनी घेतला. डच माणूस रात्री पायजमा घालून झोपतो तेव्हा फारसीचे पाऊल त्याच्या घरात असते. उर्दू दिनाला आम्ही हे सांगायला हवे होते!

आता त्या पोराच्या 'प्यून'कडे येऊ.

लॅटिनचा तोच 'पेदोनेम' पोर्तुगीज भाषेत 'पिआंव' झाला. अर्थ तोच, पायदळातला शिपाई आणि बुद्धिबळातले प्यादे. पोर्तुगीज आमच्या पश्चिम किनाऱ्यावर आले आणि हा शब्द त्यांच्याबरोबर उतरला. त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. वखारींत निरोप पोहोचवणारा, साहेबाबरोबर पायी चालणारा, पहारा करणारा देशी नोकर म्हणजे 'प्यून'. डचही त्याच काळात याच किनाऱ्यावर होते. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात त्यांची वखार होती आणि तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. पुढे वखारी गेल्या, कंपनी गेली, इंग्रजही गेले. कचेरीतल्या स्टुलावर बसलेला प्यून मात्र राहिला. म्हणजे पेटीवरचा डच पिऑन आणि आमच्या शाळेच्या हजेरीपटावरचा प्यून हे एकाच लॅटिन आईचे दोन मुलगे. एक फ्रान्सच्या वाटेने गेला, दुसरा पोर्तुगालच्या. आठवीतल्या मुलाने रोमन अक्षरे चुकीची वाचून जे म्हटले, ते आमच्या व्याख्यानापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होते.

आणि मराठीत प्यूनला आपण काय म्हणतो? शिपाई. तो शब्द फारसी 'सिपाही', म्हणजे सैनिक. एका बाजूने लॅटिनचा पायदळी सैनिक आला, दुसऱ्या बाजूने फारसीचा सैनिक आला, आणि दोघांच्याही हाती आपण शाळेची घंटा दिली.

नुसत्या साम्यावर विसंबू नये, याचे आणखी दोन दाखले आमच्या मुलांनीच आणले. एकाने विज्ञानाच्या पुस्तकात 'पायॉन' नावाचा अणूतला कण शोधला. त्याचा पायाशी काही संबंध नाही, तो ग्रीक 'पाय' या अक्षरावरून आला. दुसऱ्या मुलीने इंग्रजी शब्दकोश उघडून विचारले, प्यादे या अर्थाचा 'पॉन' आणि गहाण या अर्थाचा 'पॉन' एकच का? तेही वेगळे. पहिला आपल्या पेदोनेमचा, दुसऱ्याचे घराणे निराळे. डच भाषेत तर 'स्खाकेन' म्हणजे बुद्धिबळ खेळणे, आणि हुबेहूब तसाच दुसरा 'स्खाकेन' म्हणजे मुलगी पळवून नेणे! त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. ही शेवटची गंमत आम्ही वर्गात सांगितली नाही, हे वेगळे सांगायला नको.

डच लोकांनी पिऑन हा शब्द पुढे चांगलाच राबवला. बुद्धिबळातले प्यादे, ल्युडोची सोंगटी, दुसऱ्याच्या तालावर नाचणारा राजकारणी, एवढेच नव्हे तर रस्त्याचे काम चालू असताना मांडतात ते नारिंगी शंकू, या सर्वांना तिथे पिऑन म्हणतात. खेळातही तो देश मागे नाही. 1935 साली अलेखिनला हरवून जगज्जेता झालेला माक्स ऑयवे हा डच, आणि पेशाने गणिताचा शिक्षक. एवढ्यावरून आम्ही त्याला आमचा जातभाई समजतो, त्याला वाचकांची हरकत नसावी. आमच्या मुलाच्या पेटीतला तो खेळ मात्र डचांचा स्वतःचा नाही. त्यांच्या भाषेत त्याचे नाव 'माणसा, चिडू नकोस' अशा अर्थाचे आहे. तो जर्मनीतून आला, आणि त्याचे मूळ आपल्या पचिशीत आहे. म्हणजे लॅटिन नावाची सोंगटी हिंदुस्थानी पटावर चालते आहे.

हे सगळे धागे एकत्र पाहायचे असतील तर इंडोनेशियाकडे पाहावे. तिथे डचांचे राज्य होते. तिथले लोक मुसलमान, त्यांच्या भाषेवर आधी संस्कृतचा संस्कार, मग अरबीचा. बुद्धिबळाला ते 'चातुर' म्हणतात, म्हणजे आपले चतुरंग. उंटाच्या जागी त्यांचा 'गाजा', म्हणजे गज. शहामात झाली की 'स्काकमात', डचांकडून फिरून आलेला. आणि प्याद्याला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. एक 'बिदक', तो थेट अरबी बैदक, म्हणजे आपल्या पियादाचा मुलगा. दुसरा 'पिऑन', डचांनी दिलेला, लॅटिनचा नातू. हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन घराणी जावाच्या बेटावर एकाच पटाशी पुन्हा भेटली आणि तिथल्या मुलांना दोन्ही शब्द आपलेच वाटतात.

जानेवारीत आम्ही भित्तिपत्रक बदलले. जुन्या मजकुरावर नुसती चिकटपट्टी न लावता, आमचे आधीचे म्हणणे चूक होते असे वर लिहिले आणि खाली खरा प्रकार लिहिला. एका बुजुर्ग पालकांना ते रुचले नाही. दाराशी थांबून म्हणाले, "मास्टरसाहब, आपली एक चांगली गोष्ट होती, ती कशाला कमी केलीत? कुणी विचारायला येणार होते का?" त्यांचे दुःख आम्हाला कळते. बी.एड.ला असताना एका चर्चेत आमच्या एका सहाध्यायाने मराठीतले फारसी शब्द वेचून काढावेत असे मांडले होते, तेव्हा 'प्यादे, शह, मात काढा आणि मग बुद्धिबळ खेळून दाखवा' असे आम्हीच तावातावाने म्हणालो होतो. अशा वेळी आपल्या बाजूचे एक पारडे थोडे जड करावे असा मोह होतो. आम्ही त्या बुजुर्गांना पायजम्याची गोष्ट सांगितली. ते थोडे हसले, पण पुरते राजी झाले नाहीत.

चाचांना मात्र हे सगळे समजावून सांगायला एक अख्खी मधली सुट्टी लागली. प्यून म्हणजे सैनिक आणि शिपाई म्हणजेही सैनिक, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून आम्ही फौजेतले. मग सर, पगार तेवढा शाळेचा का?"

ती पेटी अजून वर्गातल्या कपाटात आहे. पाऊस आला की बाहेर निघते. एक हिरवा पिऑन केव्हाच हरवला, त्याच्या जागी मुलांनी चिंचोका ठेवला आहे.